वनस्पतिज संयुगांचा दाह आणि ऑक्सिडेशनविरोधी परिणाम कसा तपासावा: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

डीपीपीएच (एक स्थिर मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल) याचं जांभळं द्रावण पिवळं पडलं की संयुग 'अँटिऑक्सिडंट' ठरलं, असं समजून बरेच जण पुढे निघतात. त्या नळीत खरं तर एवढंच कळतं, की संयुगाकडे देण्यासारखा हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन आहे. ते पेशीत शिरतं का, शिरल्यावर टिकतं का आणि टिकून दाह कमी करतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं त्या रंगात नाहीत.

अडचण अशी, की या क्षेत्रातल्या बहुतेक चाचण्या रंगांवर आणि क्षपणावर (रिडक्शनवर) आधारलेल्या आहेत, आणि वनस्पतिज संयुगंही बहुधा रंगीत आणि क्षपणकारक असतात. त्यामुळे पेशीवर काहीच परिणाम झाला नाही तरी चाचणीवर परिणाम होतो आणि आकडा छान येतो. म्हणून खालच्या जवळपास प्रत्येक टप्प्यात पेशी नसलेली एक वेल (प्लेटमधला खळगा) येईल. तिला फाटा देऊन वाचवलेला अर्धा तास पुढे सहा महिने खातो.

पिपेट नीट हाताळता येतो, मोलॅरिटी काढता येते आणि ९६ वेलची प्लेट ओळखीची आहे, एवढं इथे गृहीत धरलं आहे.

पहिली पायरी: नमुना नेमका काय आहे

अर्कावर काम करणार असाल तर वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून घ्या, नमुना हर्बेरियममध्ये जमा करा आणि त्याचा क्रमांक वहीत लिहा. हे आधी झालं नाही तर नंतर करता येत नाही, कारण तोवर पूड संपलेली असते.

वनस्पतीचा भाग सावलीत किंवा ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि बारीक करा. १० ग्रॅम पूड १०० मिलीलिटर ७० टक्के इथेनॉलमध्ये अंधारात २४ तास शेकरवर ठेवा, गाळा, आणि उरलेल्या चोथ्यावर हेच आणखी दोनदा करा. गाळून मिळालेली तिन्ही द्रावणं एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांच्या वर न जाता इथेनॉल काढा. उरलेलं पाणी फ्रीझ ड्रायरमध्ये जाऊ द्या. मिळालेल्या कोरड्या अर्काचं वजन भागिले पुडीचं वजन, गुणिले १००, हे उत्पन्न प्रत्येक खेपेला नोंदवा. दोन खेपांत ते फार वेगळं आलं तर दोन्ही अर्क एकच आहेत असं धरू नका. शक्य असेल तर प्रत्येक खेपेचा एचपीएलसी आलेख (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारा) काढून ठेवा.

अर्कात टॅनिन भरपूर असेल तर ते माध्यमातल्या सीरमच्या प्रथिनांना चिकटून साका करतं आणि एन्झाइमं सरसकट बंद पाडतं. असा अर्क प्रत्येक चाचणीत 'प्रभावी' दिसतो. पॉलिव्हिनाइलपॉलिपायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपीपीवर टॅनिन काढून घेऊन तीच चाचणी पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर तो टॅनिनचा होता.

शुद्ध संयुग विकत घेतलं तरी बाटलीवरचं नाव पुरेसं नाही. बाजारात 'कर्क्युमिन' म्हणून मिळणारी पूड अनेकदा तीन कर्क्युमिनॉइडांचं मिश्रण असते, त्यात खरं कर्क्युमिन सुमारे तीन-चतुर्थांश. क्वेर्सेटिन निर्जल असेल तर रेणुभार ३०२.२४, डायहायड्रेट असेल तर ३३८.२७. डायहायड्रेट तोलून निर्जलचा रेणुभार वापरला तर तुमची तीव्रता सुमारे ११ टक्के कमी पडते आणि ती चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात बसते.

दुसरी पायरी: स्टॉक द्रावण

पेशींच्या कामासाठी बहुतेक पॉलिफेनॉलं डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवतात. पेशींवर डीएमएसओची अंतिम मात्रा ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि ती सगळ्या वेलींत सारखी ठेवा, कंट्रोलमध्येही. हा नियम नुसत्या विषारीपणासाठी नाही. डीएमएसओ स्वतः हायड्रॉक्सिल मूलक टिपतो, म्हणजे जास्त डीएमएसओ असलेली वेल आपोआपच थोडी 'संरक्षित' होते.

सर्वोच्च तीव्रता ३० मायक्रोमोलर हवी असेल तर स्टॉक ३० मिलीमोलर लागेल. निर्जल क्वेर्सेटिनसाठी ९.०७ मिलीग्रॅम एक मिलीलिटर डीएमएसओमध्ये. पुढची विरलनं (१०, ३, १ मिलीमोलर) डीएमएसओमध्येच करा, माध्यमात नाही. म्हणजे प्रत्येक वेलीत डीएमएसओ आपोआप सारखा राहतो. ५० मायक्रोलिटरच्या लहान भागांत वाटून उणे २० अंशांवर अंधारात ठेवा आणि एक भाग एकदाच वापरा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे वारंवार उघडलेल्या बाटलीत संयुग हळूहळू खाली बसतं. तो १८.५ अंशांना गोठतो, म्हणून थंड खोलीत वितळलेला वाटूनही तळाशी बर्फ असू शकतो. ३७ अंशांवर गरम करून, ढवळून, उजेडाकडे धरून बघा आणि मगच पिपेट बुडवा.

माध्यमात टाकताना माध्यम कोमट हवं आणि ढवळत असताना थेंब पडायला हवा. टाकल्यावर सर्वोच्च तीव्रतेची एक वेल सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सुया किंवा दाणे दिसले तर ती तीव्रता खोटी आहे. तिथून पुढचा भाग आलेखातून काढून टाका.

स्थिरतेचा हिशोब आधीच करा. कर्क्युमिन ३७ अंशांवर, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये किंवा सीरम नसलेल्या माध्यमात अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होतं. १० टक्के सीरम असेल तर आठ तासांनी जवळपास निम्मं शिल्लक असतं. म्हणजे '२४ तास कर्क्युमिन दिलं' या वाक्यात बराच काळ त्याच्या विघटनातून आलेल्या पदार्थांचाच असतो. रेस्व्हेराट्रॉल अतिनील प्रकाशात ट्रान्सचं सिस होतं. त्यासाठी गडद नळ्या आणि दिवा बंद केलेला हूड पुरतो.

तिसरी पायरी: डीपीपीएच, तेही मर्यादा ओळखून

डीपीपीएचचा रेणुभार ३९४.३. प्लेटमध्ये करायचं तर ०.२ मिलीमोलर द्रावण लागतं: ७.९ मिलीग्रॅम १०० मिलीलिटर मिथेनॉलमध्ये, त्याच दिवशी केलेलं, फॉइलमध्ये गुंडाळलेलं. प्रत्येक वेलीत २० मायक्रोलिटर नमुना आणि १८० मायक्रोलिटर डीपीपीएच. झाकण लावून अंधारात ३० मिनिटं, मग ५१७ नॅनोमीटरला वाचन. नमुन्याऐवजी नुसतं मिथेनॉल असलेल्या वेलीचं शोषण १.१ ते १.३ च्या आसपास यायला हवं. ०.८ आलं तर द्रावण जुनं आहे किंवा पूड पूर्ण विरघळलेली नाही.

प्रत्येक तीव्रतेसाठी दुसरी वेल भरा: २० मायक्रोलिटर नमुना आणि १८० मायक्रोलिटर नुसतं मिथेनॉल. अर्काचा स्वतःचा रंग याच वेलीतून वजा होतो. कॅरोटिनॉइडांचं शोषण डीपीपीएचच्या पट्ट्याला चिकटूनच असतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही वेल नसेल तर निकालाला अर्थ नाही.

टक्केवारी काढायची ती अशी: कंट्रोलच्या शोषणातून नमुन्याचं (रंग वजा केलेलं) शोषण वजा करा, कंट्रोलच्या शोषणाने भागा, १०० ने गुणा. किमान सहा तीव्रता घ्या आणि आयसी५० (निम्मा परिणाम देणारी तीव्रता) वक्र बसवून काढा. दोन बिंदूंमध्ये पट्टी लावून नाही.

मानक म्हणून ट्रोलॉक्स (ई जीवनसत्त्वासारखं संयुग) घ्या. २.५ मिलीग्रॅम १० मिलीलिटर मिथेनॉलमध्ये म्हणजे १ मिलीमोलर. त्यातून १०० ते ८०० मायक्रोमोलरची द्रावणं केली की वेलीत १० ते ८० मायक्रोमोलर मिळतात. सोबत ॲस्कॉर्बिक आम्लही लावा, कारण त्यात स्वतःचा हिशोब तपासता येतो. ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो. वेलीत डीपीपीएच ०.१८ मिलीमोलर आहे, निम्मं म्हणजे ९० मायक्रोमोलर संपायला ४५ मायक्रोमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल लागेल, म्हणजे मिलीलिटरला सुमारे ८ मायक्रोग्रॅम. तुमचा आकडा याच्या दहापट वर किंवा खाली आला तर विरलनात चूक आहे. सर्वात नेहमीची चूक म्हणजे २० मायक्रोलिटरमधली तीव्रता आणि २०० मायक्रोलिटरमधली अंतिम तीव्रता यांची गल्लत.

याच हिशोबातून दुसरी गोष्टही निघते. आयसी५० हा संयुगाचा स्थिरांक नाही. तुम्ही डीपीपीएच किती घातलं त्यावर तो हलतो. दोन प्रयोगशाळांचे आयसी५० शेजारी ठेवून 'आमचा अर्क जास्त चांगला' म्हणणं म्हणूनच फोल आहे. ट्रोलॉक्स समतुल्यात निकाल द्या, तो निदान तुलनेच्या जवळ जातो.

आणखी दोन खाचखळगे. वेलीत पाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं तर डीपीपीएच गोळा होऊन शोषण घटतं आणि ती घट संयुगाच्या खात्यावर जमा होते. आणि ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेटमधला नमुना पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्ये घालू नका. प्लेटच विरघळून धूसर होते.

एकूण फेनॉल मोजायला फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक वापरतात: २० मायक्रोलिटर नमुना, दहापट विरल केलेला अभिकर्मक १०० मायक्रोलिटर, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट ८० मायक्रोलिटर, तासाभराने ७६५ नॅनोमीटर, मानक गॅलिक आम्ल. तो फक्त फेनॉल मोजत नाही, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि क्षपणकारी शर्कराही मोजतो. नळीतल्या अशा आकड्यांचं वजन किती, याचा एक दाखला: अमेरिकेच्या कृषी विभागाने अन्नपदार्थांच्या ओरॅक मूल्यांचा (नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा) आपला संग्रह २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या मूल्यांवरून शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगता येत नाही. चाळणी म्हणून या चाचण्या ठीक आहेत. निष्कर्ष म्हणून नाहीत.

चौथी पायरी: पेशी जिवंत आहेत ना

दाहाच्या चाचणीत मेलेली पेशीही नायट्रिक ऑक्साइड कमीच देते. म्हणून आधी विषारीपणा.

उंदराच्या रॉ २६४.७ मॅक्रोफेज पेशी नवख्यांसाठी सोयीच्या. त्या ट्रिप्सिनने नीट सुटत नाहीत, स्क्रेपरने हलक्या हाताने काढा. पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याची खेप) २० च्या आत राहा. फार जुन्या पेशी एलपीएसला (जिवाणूंच्या आवरणातला दाह चेतवणारा पदार्थ, म्हणजेच एंडोटॉक्सिन) पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. लांबट, पाय फुटलेल्या पेशी एलपीएस न देताच दिसू लागल्या तर त्या आधीच चेतावलेल्या आहेत. ती फ्लास्क टाकून द्या.

एका वेलीत ५०,००० पेशी, रात्रभर चिकटू द्या. कडेच्या वेलींतून बाष्पीभवन जास्त होतं, त्यात नुसतं पीबीएस (फॉस्फेट बफर सलाइन) भरा आणि आतल्या ६० वेली वापरा. संयुग २४ तास. मग एमटीटी (जिवंत पेशींत जांभळा होणारा पिवळा रंग): ५ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटरच्या स्टॉकमधून १०० मायक्रोलिटर माध्यमाला १० मायक्रोलिटर, तीन तास ३७ अंशांवर, माध्यम अलगद काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, ५७० नॅनोमीटरला वाचन. एमटीटी उत्परिवर्तनकारी आहे, हातमोजे घालूनच.

इथली खोच अशी, की एमटीटीला जांभळं करायला पेशीच लागते असं नाही. पॉलिफेनॉलं आणि थायॉलं ते थेट क्षपित करतात. म्हणून एमटीटी घालण्यापूर्वी संयुग असलेलं माध्यम काढा, कोमट पीबीएसने एकदा धुवा आणि ताजं माध्यम घाला. आणि पेशी नसलेल्या वेलीत सर्वोच्च तीव्रता आणि एमटीटी एकत्र ठेवा. ती जांभळी झाली तर एमटीटीवर विसंबू नका. एलडीएच गळती (फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेलं एन्झाइम मोजणं) किंवा सल्फोरोडामाइन बी (पेशींच्या प्रथिनांना रंगवणारा रंग) वापरा.

वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १०९९३-५ या मानकात जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर विषारी धरतात. बरेच जण तीच रेघ इथेही ओढतात. आमच्या मते इथे ती ढिली आहे: ७५ टक्के पेशी जिवंत असताना नायट्राइट ३० टक्क्यांनी घटलं, तर घट जवळपास पूर्णच मृत्यूमुळे आलेली असू शकते. ९० टक्क्यांच्या वर राहणाऱ्या तीव्रताच पुढे न्या.

पाचवी पायरी: दाह, म्हणजे सुरुवातीला नायट्राइट

एलपीएस मॅक्रोफेजच्या टीएलआर४ ग्राहकाला चेतवतं, एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात जातो, आयएनओएस हे एन्झाइम तयार होतं आणि नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतं. ते माध्यमात नायट्राइट आणि नायट्रेट होऊन साचतं. १८७९ पासून माहीत असलेल्या ग्रीस अभिक्रियेने नायट्राइट मोजता येतं.

प्लेट अशी लावा:

१. पेशी रात्रभर चिकटल्यावर माध्यम काढून १८० मायक्रोलिटर संयुगयुक्त माध्यम घाला. हे माध्यम करताना डीएमएसओ स्टॉकचे २ मायक्रोलिटर १.८ मिलीलिटरमध्ये टाका. पुढे एलपीएसची भर पडली की संयुगाची तीव्रता आणि ०.१ टक्के डीएमएसओ दोन्ही बरोबर जुळतात.

२. एक तासाने २० मायक्रोलिटर एलपीएस, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर. अंतिम तीव्रता १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. एलपीएसचा स्टॉक वापरण्यापूर्वी चांगला व्हॉर्टेक्स करा, ते काचेला आणि प्लास्टिकला चिकटतं.

३. २४ तासांनी ५० मायक्रोलिटर वरचं माध्यम नव्या प्लेटमध्ये घ्या. त्यात ५० मायक्रोलिटर सल्फॅनिलामाइड (१ टक्का, ५ टक्के फॉस्फोरिक आम्लात), १० मिनिटं अंधार. मग ५० मायक्रोलिटर नॅफ्थिलइथिलीनडायअमाइन डायहायड्रोक्लोराइड (०.१ टक्का, पाण्यात), पुन्हा १० मिनिटं. ५४० नॅनोमीटर, अर्ध्या तासाच्या आत वाचन.

४. उरलेल्या पेशी धुऊन त्यांच्यावरच एमटीटी करा. त्याच वेलीतली जीवनक्षमता मिळते.

मानकासाठी ६९ मिलीग्रॅम सोडियम नायट्राइट १० मिलीलिटर पाण्यात, म्हणजे ०.१ मोलर. हजारपट विरल केलं की १०० मायक्रोमोलर. तिथून खाली निम्मं निम्मं करत १.५६ पर्यंत. ही विरलनं पाण्यात न करता पेशींच्याच माध्यमात करा, कारण फिनॉल रेड आणि सीरम दोन्ही पायारेषा हलवतात. आरपीएमआय १६४० या माध्यमात कॅल्शियम नायट्रेट मुळातच असतं. साध्या ग्रीस चाचणीत ते दिसत नाही, पण नायट्रेट रिडक्टेज लावून 'एकूण' मोजायला गेलात तर सगळं झाकून टाकतं. डीएमईएम हे माध्यम घेतलं तर हा त्रास नाही.

कोणत्या वेली हव्यातच: नुसतं डीएमएसओ, डीएमएसओ आणि एलपीएस, एलपीएस आणि १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन (दाह कमी करणारं ओळखीचं औषध), एलपीएस आणि संयुगाच्या चार-पाच तीव्रता, एलपीएसशिवाय सर्वोच्च तीव्रता, आणि पेशी नसलेल्या माध्यमात सर्वोच्च तीव्रता अधिक २५ मायक्रोमोलर नायट्राइट.

शेवटची वेल सर्वात जास्त वगळली जाते आणि तिनेच सर्वात जास्त निकाल पाडले आहेत. ग्रीस अभिक्रिया आम्लात होते, आणि आम्लात ॲस्कॉर्बिक आम्ल व अनेक फेनॉलं नायट्राइट खाऊन टाकतात. त्या वेलीत २५ ऐवजी १५ वाचलं, तर तुमच्या संयुगाने आयएनओएस रोखलं नाही, रंग रोखला. २४ तास तसंच ठेवून वाचा, म्हणजे संयुगाचं विघटनही हिशोबात येईल.

एलपीएसशिवायच्या वेलीत नायट्राइट वर आलं तर अर्कातच एंडोटॉक्सिन आहे. वनस्पतींवर जिवाणू असतातच, आणि एलपीएस उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करून जात नाही. काचेची भांडी २५० अंशांवर ३० मिनिटं भाजावी लागतात. पॉलिमिक्सिन बी (१० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर) घालून ती वेल पुन्हा लावा. नायट्राइट खाली आलं तर निदान पक्कं.

उलट दिशेची फसगतही आहे. संयुग माध्यमातच एलपीएसला चिकटलं किंवा ग्राहकाच्या तोंडाशी बसलं, तर पेशीच्या आत काहीही न होता दाह कमी दिसतो. दोन प्लेट समांतर चालवा: एकीत पूर्ववत, दुसरीत तासाभराच्या संयुगानंतर पेशी दोनदा धुऊन मग एलपीएस. दोन्हींत परिणाम टिकला तर बोलण्यासारखं काही आहे.

नायट्राइटनंतर काय मोजायचं

वेळ चुकली की चांगलं संयुगही निष्प्रभ दिसतं. एलपीएसनंतर १५ ते ३० मिनिटांत आयकप्पाबी-अल्फा (एनएफ-कप्पा-बीला अडवून ठेवणारं प्रथिन) नाहीसा होतो आणि तासाभरात परत येतो. त्याचा वेस्टर्न ब्लॉट २४ तासांनी करणं म्हणजे सभा आटोपल्यावर सभागृहात जाणं. टीएनएफ-अल्फाचा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) एमआरएनए पहिल्या एक-दोन तासांत, प्रथिन ४ ते ६ तासांत, तशाच आयएल-६ आणि आयएनओएसचं प्रथिन १६ ते २४ तासांत.

रॉ २६४.७ पेशींत एएससी हे जोडप्रथिन नसतं, त्यामुळे एनएलआरपी३ इन्फ्लमासोम (आयएल-१ बीटा परिपक्व करणारा प्रथिनांचा संच) जुळत नाही आणि परिपक्व आयएल-१ बीटा धड बाहेर येत नाही. त्यासाठी अस्थिमज्जेतून वाढवलेले मॅक्रोफेज घ्या: एलपीएस चार तास, मग निगेरिसिन. मानवी टीएचपी-१ पेशी ग्रीस चाचणीसाठी घेऊ नका. मानवी मॅक्रोफेज या परिस्थितीत मोजण्याजोगं नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत. तिथे टीएनएफ-अल्फा किंवा आयएल-६ ची एलायझा करा.

सहावी पायरी: ऑक्सिडेटिव्ह ताण

हायड्रोजन पेरॉक्साइड हा सर्वात सोपा ताण, आणि त्यातच सर्वात जास्त गडबडी. ३० टक्क्यांची बाटली ताजी असताना सुमारे ९.८ मोलर असते, जुनी किती आहे ते मोजावंच लागतं. हजारपट विरल करून क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये २४० नॅनोमीटरला वाचा. मोलर शोषणांक ४३.६, म्हणजे ताज्या बाटलीचं शोषण ०.४३ च्या आसपास. बाटली हाताळताना हातमोजे आणि चष्मा, ती कातडी जाळते.

मग माध्यमाचं लेबल वाचा. सोडियम पायरुव्हेट असेल तर ते पेरॉक्साइडला थेट खाऊन टाकतं. डीएमईएमच्या अनेक प्रकारांत ते १ मिलीमोलर असतं. '५०० मायक्रोमोलरलाही पेशी मरत नाहीत' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. ताणाच्या काळात पायरुव्हेट नसलेलं, सीरम कमी किंवा नसलेलं माध्यम वापरा. आधी ५० ते १,००० मायक्रोमोलरचा वक्र काढून ३० ते ५० टक्के पेशी मरतील अशी तीव्रता ठरवा. ती पेशींच्या दाटीवर अवलंबून असते, म्हणून पेशींची संख्या दर वेळी सारखी हवी.

खरी रंगत पुढच्या प्रश्नात आहे: संयुग स्वतः मूलकं टिपतं, की पेशीची यंत्रणा जागी करतं? पेशीत ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) १ ते १० मिलीमोलर असतं. तुमचं संयुग आत शिरलं तरी मायक्रोमोलरमध्ये. हजारपट जास्त असलेल्या ग्लुटाथायोनला मागे टाकून ते मूलकं टिपेल, हे गणितात बसत नाही. हायड्रॉक्सिल मूलक तर समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करतो. म्हणूनच सल्फोराफेनसारखी संयुगं महत्त्वाची. डीपीपीएचमध्ये सल्फोराफेन जवळपास काहीच दाखवत नाही. ते कीप१ प्रथिनाच्या सिस्टीनला जोडलं जातं, एनआरएफ२ (संरक्षक जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकळा होतो आणि एचओ-१, एनक्यूओ१ ही संरक्षक एन्झाइमं व ग्लुटाथायोन बनवणारी एन्झाइमं वाढतात. डीपीपीएचच्या चाळणीत नापास झालेलं संयुग टाकून देणारे नेमकी हीच संयुगं गमावतात.

दोन्ही शक्यता वेगळ्या करायला असं करा. पेशींच्या पहिल्या गटाला संयुग १६ तास देऊन दोनदा धुवा, मग पेरॉक्साइड. दुसऱ्या गटाला संयुग आणि पेरॉक्साइड एकाच वेळी. फक्त पहिल्यात संरक्षण मिळालं तर पेशीची स्वतःची यंत्रणा कामाला लागली आहे. ६ ते १२ तासांवर एचओ-१ बघा. फक्त दुसऱ्यात मिळालं तर संयुगाने माध्यमातच पेरॉक्साइड संपवलं असेल.

आणि एक उफराटा प्रकार: ईजीसीजी (हिरव्या चहातलं पॉलिफेनॉल), गॅलिक आम्ल, काही प्रमाणात क्वेर्सेटिन डीएमईएममध्ये आपोआप ऑक्सिडाइझ होऊन स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. तो पेशी मारतो, किंवा थोडा असेल तर त्यांना आधीच सावध करतो आणि ते 'संरक्षण' म्हणून नोंदलं जातं. एका ओळीत कॅटालेज (२०० युनिट प्रति मिलीलिटर) घाला. परिणाम नाहीसा झाला तर तो माध्यमातल्या पेरॉक्साइडचा होता.

डीसीएफएच-डीए (पेशीत ऑक्सिडेशन झालं की चमकणारा रंग) वापरायचं तर १० मायक्रोमोलर, ३० मिनिटं, सीरम नसलेल्या माध्यमात (सीरममधली एस्टरेज ते बाहेरच तोडतात), धुऊन ४८५ नॅनोमीटर उत्तेजन आणि ५३० उत्सर्जन. त्याला 'हायड्रोजन पेरॉक्साइड मोजलं' म्हणू नका. हा रंग पेरॉक्साइडशी थेट फारसा अभिक्रिया करत नाही. लोह, सायटोक्रोम सी, पेरॉक्सिडेज यांच्यामार्फत उजळतो, आणि नुसत्या प्रकाशानेही. कर्क्युमिन स्वतः चमकतं, त्यामुळे रंग न घातलेली वेलही हवी.

मेदांच्या नुकसानीसाठी टीबार्स (मेदांच्या ऑक्सिडेशनचे पदार्थ मोजणारी रंगचाचणी) करत असाल तर उकळण्यापूर्वी बीएचटी (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन) घाला, नाहीतर ९५ अंशांवर नळीतच नवं ऑक्सिडेशन होतं. ५३२ नॅनोमीटरला अँथोसायनिनही शोषतात. ग्लुटाथायोनचं क्षपित आणि ऑक्सिडीकृत गुणोत्तर हवं असेल तर पेशी फोडण्याच्या क्षणीच एन-इथाइलमॅलेइमाइड घाला. मिनिटभर उशीर झाला तरी क्षपित रूप हवेत ऑक्सिडाइझ होतं.

आकडे आणि लिखाण

एका प्लेटवरच्या तीन वेली म्हणजे एन बरोबर तीन नाही, तो एन बरोबर एक. वेगळा दिवस, वेगळा पॅसेज, नव्याने केलेली विरलनं, असे किमान तीन प्रयोग झाले की तीन. अनेक तीव्रतांची तुलना एकाच एलपीएस गटाशी असेल तर एकमार्गी अनोव्हानंतर डनेटची चाचणी. प्रत्येक जोडीला वेगळी टी-टेस्ट नको.

तीव्रता लिहिताना रक्तात काय पोहोचतं हेही शेजारी ठेवा. तोंडावाटे घेतलेलं क्वेर्सेटिन रक्तात मुख्यतः ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडलेल्या रूपात, तेही बहुधा मायक्रोमोलर किंवा त्याखाली असतं; मुक्त कर्क्युमिन नॅनोमोलरमध्ये. ५० मायक्रोमोलरला मिळालेला परिणाम आतड्याच्या पेशींसाठी किंवा त्वचेवरच्या वापरासाठी अर्थपूर्ण ठरू शकतो, यकृतासाठी किंवा मेंदूसाठी क्वचितच. जमलं तर मूळ संयुगासोबत क्वेर्सेटिन-३-ग्लुकुरोनाइडसारखं चयापचयातून आलेलं रूपही त्याच प्लेटवर लावा.

चर्चेच्या भागात माणसांबद्दल दावा करण्याआधी फिनलंडमधली एटीबीसी चाचणी लक्षात ठेवा: २९,१३३ पुरुष धूम्रपानी, रोज २० मिलीग्रॅम बीटा-कॅरोटिन, आणि १९९४ मध्ये जाहीर झालेला निकाल असा की ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. केअरेट ही दुसरी चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. तेव्हा 'या अर्काने एलपीएस दिलेल्या रॉ २६४.७ पेशींत, ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरला, जीवनक्षमता न घटवता नायट्राइट कमी केलं. धुतल्यानंतरही परिणाम टिकला. पेशीविरहित वेलीत नायट्राइट घटलं नाही' असं लिहा. वाक्य लांबतं, पण परीक्षक त्यावर विचारणार असलेले तीन प्रश्न त्यातच मिटतात.